नव्या गाडीची किल्ली हाती घेण्यापूर्वी

मैत्रिणींनो, पैठणी घ्यायला गेलो की आपण काय करतो? पदर पूर्ण उलगडायला लावतो, उलटी बाजू बघतो, जर चिमटीत धरून पाहतो, ‘अहो, जरा उजेडात दाखवा’ म्हणतो. चार दुकाने हिंडल्याशिवाय पर्सला हात घालत नाही. आणि घरात फ्लॅटखालोखाल जी मोठी खरेदी, ती नवी मोटार घ्यायची वेळ आली की मात्र काचेच्या दालनात सोफ्यावर बसून, पुढे आलेली कॉफी पीत पीत ‘इथे, इथे आणि इथे’ अशा सह्या करून मोकळ्या होतो! आठ-दहा लाखांचा व्यवहार, आणि तो तासाभरात आटोपलेला असतो.

याला थोडे कारण जुनेही आहे. आपल्या आई-सासूबाईंच्या काळात मोटार म्हणजे फियाट, नाहीतर अँबॅसॅडर. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटचे पुढे प्रीमियर पद्मिनी असे नाव झाले, पण नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघणे काही चुकले नाही. गिऱ्हाइकाने हात जोडून उभे राहायचे आणि मिळेल त्या रंगाची गाडी घरी आणायची. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती पडली, तिथून हे चित्र पालटू लागले. आज दहा कंपन्या आपल्या दारी फोन करतात. पण ‘मिळतेय हेच नशीब’ ही आपली सवय काही गेली नाही, आणि दुकानदारांना ती पक्की ठाऊक आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्याकडे नवी गाडी आली अशा ओळखीच्या पाच-सहा घरांत मी मुद्दाम जाऊन विचारले. गोडही ऐकायला मिळाले, कडूही. ते सारे तुमच्यापुढे ठेवते.

बोलायचे कुणाशी?

पहिली तक्रार जवळजवळ प्रत्येकीची. गाडी चालवणार ती, हप्ता भरणार ती, पण विक्रेता बोलतो तिच्या यजमानांशी! बँकेत अधिकारी असलेली माझी एक मैत्रीण सांगत होती, “इंजिन, मायलेज, कर्ज सगळं ह्यांना सांगून झालं. मग माझ्याकडे वळून म्हणतो, मॅडम, रंग कोणता आवडला? अन् हा बघा, आरसा किती छान आहे!” तिने शांतपणे यजमानांना सांगितले, “तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या,” आणि मग विचारले, “भारत एनकॅपमध्ये या गाडीला किती तारे आहेत? मोठ्यांसाठी किती आणि लहान मुलांसाठी किती?” विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, आतून मॅनेजरला बोलवावे लागले. अपघातात गाडी किती तग धरते याची ही सरकारी चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे सुरू झाली आहे. चाचणी झालेल्या गाडीचे तारे बघायला मिळतात. रंगाआधी हा प्रश्न विचारायचा.

चाचणीसाठी गाडी देतात तेव्हा चालवणारीनेच चालवावी, शेजारी बसून ‘छान आहे’ म्हणू नये. सीट वर-खाली करून बॉनेटचे टोक दिसते का, चढावर गाडी मागे सरकते का, आपल्या सोसायटीच्या अरुंद फाटकातून ती आत येते का, हे तिथेच कळते. जमल्यास सासूबाईंना मागे बसवून न्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत चढता-उतरता येते की नाही, हे कुठल्याच रंगीत माहितीपत्रकात छापलेले नसते.

किमतीचा कागद

आता मुद्द्याची गोष्ट. जाहिरातीत दिसते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत, म्हणजे नुसत्या गाडीची. रस्त्यावर येईपर्यंतची ती ‘ऑन-रोड’. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा असते ना, तिथेच सगळी गंमत चालते.

आमच्या शेजारच्या वहिनींचे उदाहरण घ्या. पेट्रोलवरची गाडी, एक्स-शोरूम ८ लाख. दुकानदाराने तोंडी सांगितले, “सगळं मिळून ९ लाख ७६ हजार.” वहिनी हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, “सगळं म्हणजे काय काय, ते ओळीने लिहून द्या.” बरेच आढेवेढे घेऊन कागद आला. कर, नोंदणी, फास्टॅग वगैरे मिळून ९१ हजार. विमा ४६ हजार. ॲक्सेसरीज २२ हजार. वाढीव वॉरंटी ११ हजार. आणि ‘हँडलिंग’ ६ हजार.

वहिनींनी पेन घेतले आणि एकेक ओळ तपासली. कर सरकारचा, तिथे वाद नाही. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के वाहन कर पडतो, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते. पण हँडलिंग कशाचे? गाडी कारखान्यातून आणून धुऊन-पुसून विकायची, हाच तर दुकानदाराचा धंदा. त्याला त्यासाठी कंपनीकडून कमिशन मिळते. वहिनी म्हणाल्या, “याची पावती गाडीच्या बिलात दाखवणार असाल तर देते.” ओळ लगेच खोडली गेली! ॲक्सेसरीजमध्ये पायपुसण्या, सीटकव्हरे, मडफ्लॅप आणि ‘कोटिंग’ होते. तेही “नको” म्हटल्यावर निघाले. वॉरंटी त्यांनी राहू दिली, कारण ती कंपनीची होती. विमा बाहेरून घेतला तो ३४ हजारांत. एकूण वाचले ४० हजार. गाडी तीच, दुकान तेच!

म्हणून सांगते, तोंडी आकड्यावर कधीही जाऊ नका. ओळीवार लिहिलेला, शिक्का मारलेला कागद घ्या. तोच कागद दुसऱ्या दुकानात दाखवा. एकाच कंपनीची तीन दुकाने आपल्या शहरात असतात, आणि सूट तिन्हीकडे वेगळी असते.

किंमत १० लाखांच्या वर गेली तर एक ओळ टीसीएसची असते, १ टक्का. हा खर्च नव्हे बरं का! तो आयकर आहे, गाडी ज्यांच्या नावावर त्यांच्या पॅनवर जमा होतो. विवरणपत्र भरले की करातून वळता होतो, कर लागत नसेल तर परत मिळतो. गाडी गृहिणीच्या नावावर असली तर हे हमखास विसरायला होते. १२ लाखांच्या गाडीला १२ हजार रुपये म्हणजे थोडेथोडके नाहीत.

विमा आमच्याकडूनच?

“विमा आमच्याकडून घेतलात तरच सूट,” किंवा “नाहीतर डिलिव्हरीला उशीर होईल,” हे वाक्य बहुतेक घरांत ऐकायला मिळाले. विमा नियामकाचे नियम अगदी स्पष्ट आहेत. दुकानदार विमा विकू शकतो, पण त्याच्याकडूनच घ्या अशी सक्ती करू शकत नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून त्याच्यासमोर ठेवा. गंमत अशी की, तो पुष्कळदा आपलाच दर तिथल्या तिथे खाली आणतो.

नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र १ वर्षाचा घेता येतो. दरवर्षी दर बघून कंपनी बदलायची मोकळीक आपल्याला असते.

जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर ‘नो क्लेम बोनस’ विसरू नका. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर ही सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती गाडीची नसून मालकाची असते. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यायचे आणि नव्या गाडीच्या विम्याला लावायचे. दुकानदार आपणहून हे सांगेल, अशी आशा धरू नका.

सात टक्के की साडेबारा?

कर्जाचा घोटाळा ‘फ्लॅट’ या एका शब्दात लपलेला असतो. “मॅडम, फक्त ७ टक्के फ्लॅट!” ऐकायला किती स्वस्त वाटते! पण जरा पाटी-पेन्सिल घेऊ या. ५ लाख रुपये, ५ वर्षे, ७ टक्के फ्लॅट. म्हणजे दरवर्षी पूर्ण ५ लाखांवर ३५ हजार व्याज, पाच वर्षांचे १ लाख ७५ हजार. हप्ता झाला ११,२५० रुपये. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. फेडलेल्या पैशांवर व्याज कशाला? घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर जवळजवळ साडेबारा टक्के पडतो. एखाद्या बँकेने घटत्या शिलकीवर साडेनऊ टक्के सांगितले, तर हप्ता येतो साधारण १०,५०० रुपये. ‘सात’पेक्षा ‘साडेनऊ’ स्वस्त, आणि तेही थोडेथोडके नाही, पाच वर्षांत सुमारे ४५ हजारांनी!

तेव्हा दराबरोबर “फ्लॅट की रिड्युसिंग?” हे विचाराच. प्रोसेसिंग फी किती आणि कर्ज लवकर फेडले तर दंड किती, हेही लिहून घ्या. आणि कर्ज फिटले की बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या. गाडी विकायला काढल्यावर त्यासाठी धावाधाव करणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत.

विसार देताना

विसार देण्याआधी पावतीच्या मागचे बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. रद्द केल्यास किती कापणार? किती दिवसांत परत करणार? मॉडेल, रंग आणि अंदाजे तारीख लिहिली आहे का? आमच्या ओळखीच्या एका घरी बुकिंग केले पांढऱ्या गाडीचे, दोन महिन्यांनी फोन आला, “पांढरी नाही, करडी आहे, उद्याच घ्या, नाहीतर नंबर मागे जाईल.” पावतीवर रंग लिहिलेला होता म्हणून त्यांना पूर्ण विसार परत मिळाला. पैसे देतानाही धनादेशाने किंवा बँकेतून, दुकानाच्या खात्यातच द्या. विक्रेत्याच्या स्वतःच्या मोबाइलवर एक रुपयाही पाठवू नका, मग तो कितीही गोड बोलणारा असो.

विसार दिला म्हणून किंमत गोठत नाही. सहसा बिलाच्या दिवशीची किंमत लागते. वाढली तर भुर्दंड आपला, पण कमी झाली तर फायदाही आपलाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला (४ मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल असेल तर १२०० आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या). आधी बुकिंग करून त्यानंतर बिल झालेल्यांना हा लाभ मिळाला. म्हणून बिलावरचा कराचा दर स्वतः वाचा.

मुहूर्त आणि उजेड

दसरा, पाडवा, धनत्रयोदशी. या दिवशी गाडी घरी यावी असे कुणाला वाटत नाही? पण त्या दिवशी दुकानात चाळीस-चाळीस गाड्यांना हार घालायचे असतात. तपासायला वेळ कुणाला?

माझ्या मावसबहिणीने दसऱ्याला गाडी आणली. संध्याकाळची वेळ, दिव्यांचा लखलखाट, फोटो, पेढे. आठ दिवसांनी रविवारी सकाळी गाडी पुसताना तिच्या लक्षात आले की डाव्या मागच्या दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा आहे. दाराच्या रबरावर रंगाचे शिंतोडेही सापडले. कुठेतरी ठोकर लागून दार नव्याने रंगवलेले होते. दुकानदार म्हणाला, “ताई, उन्हात तसं दिसतं. तुम्ही तर पाहून सही केली होती.” सही खरीच होती. तीन महिने हेलपाटे घालून हाती काय आले, तर एक मोफत पॉलिश आणि एक मोफत सर्व्हिसिंग. नव्या गाडीचा आनंद गेला तो गेलाच.

यावर उपाय एकच. मुहूर्ताच्या आधी तीन-चार दिवस, भर दिवसा, दुकानाच्या गोदामात जाऊन आपली नेमकी गाडी बघायची, आणि तीही पासिंग होण्याआधी. एकदा आरटीओत आपल्या नावाने नोंद झाली की कागदोपत्री गाडी आपली. मग “बदलून द्या” म्हणणे अवघड होते. जाताना काय बघायचे?

– चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो. त्याचा फोटो काढा आणि बिल, विमा, आरसी यांवर तोच आहे ना, हे ताडून बघा.

– गाडी कोणत्या महिन्यात बनली? विक्री प्रमाणपत्रावर महिना आणि वर्ष लिहिलेले असते. सहा-आठ महिने उन्हापावसात उभी राहिलेली गाडी असेल तर सूट मागा, नाहीतर दुसरी मागा.

– टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर, स्टेपनीसुद्धा, बघायचे.

– किलोमीटरचा आकडा पाहा. नव्या गाडीने थोडेफार किलोमीटर चाललेले असणारच, पण शेकड्यात आकडा असेल तर ती कुणाच्या चाचणीसाठी फिरली असेल, ते विचारा.

– चारी दारे, डिकी, बॉनेट उघडून-मिटून बघा, फटी सारख्या हव्यात. रबर उचलून आत रंगाचे शिंतोडे आहेत का ते पाहा. एसी, काचा, वायपर, हॉर्न, सगळे दिवे स्वतः लावून पाहा.

हे सारे फोनवर चित्रित करून ठेवा. मग मुहूर्ताला निवांत हार घाला, नारळ फोडा. चाकाखाली लिंबू ठेवलेत तर स्टिअरिंगवर मात्र सरावाचे माणूस बसवा, आणि पुढे कुणी उभे राहू नका.

नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही, असा आता कायदाच आहे. “आज घेऊन जा, नंबर नंतर बघू,” असे कुणी म्हटले तर साफ नकार द्या. तशा गाडीला वाटेत काही झाले, तर निस्तरायचे तुम्हालाच.

चांगुलपणाही असतो

सगळेच दुकानदार लबाड असतात असे मुळीच नाही. कोल्हापूरच्या माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीचा अनुभव ऐका. अक्षय्य तृतीयेला गाडी मिळायची होती. दोन दिवस आधी दुकानातल्या मुलीचा आपणहून फोन आला, “बाई, ट्रेलरवरून उतरवताना तुमच्या गाडीच्या बंपरला ओरखडा आलाय. रंगवून दिला तर कळणारही नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय द्यायची नाही. दुसरी गाडी नऊ दिवसांनी येतेय. काय करू?” बाईंनी नऊ दिवस थांबायचे ठरवले. मुहूर्त हुकला, सासूबाई थोड्या कुरकुरल्या. पण पुढे त्या एका मुलीच्या शब्दावर बाईंच्या शाळेतल्या आणखी तिघींनी त्याच दुकानातून गाड्या घेतल्या. खरे बोलून धंदा बुडत नाही, वाढतो.

चांगले दुकान ओळखायचे कसे? जिथे ओळीवार कागद न मागता मिळतो, गाडी बघू देताना कपाळाला आठी पडत नाही, आणि विक्रीच्या दालनाइतकाच मागचा वर्कशॉपही आनंदाने दाखवतात, ते दुकान चांगले. वर्कशॉपच्या दाराशी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांशी बोला. गाडी एकदाच घ्यायची असते, सर्व्हिसिंग दहा वर्षे करायचे असते.

जुनी गाडी देताना

जुनी गाडी तिथेच बदल्यात देणार असाल तर आधी बाहेर दोन ठिकाणी किंमत काढून ठेवा. नव्या गाडीवर दिलेली सूट पुष्कळदा जुनीच्या किमतीतून काढून घेतात! आणि गाडी देताना तारीख-वेळ घालून ताबा दिल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. आरसीवरचे नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. गाडी तुम्ही विकलेली आणि भरपाईची नोटीस तुमच्या दारी, असे होऊ शकते.

गाडी कुणाच्या नावावर?

शेवटी एक नाजूक पण महत्त्वाची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एक ताई तरुणपणीच एकट्या पडल्या. गाडी यजमानांच्या नावावर होती. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो, हे त्या दुःखात त्यांना कोण सांगणार? वारसाचे कागद जमवता जमवता वर्ष गेले, आणि गाडी खाली धूळ खात उभी राहिली. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचे नाव घालता येते. नोंदणीच्या वेळीच ते घालायला सांगा. एक रकाना भरायचा असतो, पण दुकानदार तो बहुधा कोरा सोडतो.

आणि हेही लक्षात ठेवा. विम्यातले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक-चालकाला असते. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतात यजमान, तर ते संरक्षण त्यांना मिळत नाही. घरात दोघे गाडी चालवत असतील तर दुसऱ्यासाठी वेगळे संरक्षण घ्या. वर्षाला थोडेसेच पैसे जास्त पडतात.

फसगत झालीच तर

आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग गाडीच्या कंपनीला. तोंडी भांडणाला पुरावा नसतो. तरी दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील दिलाच पाहिजे असे नाही. ५ ते १० लाखांच्या खरेदीला फी अवघी २०० रुपये आहे. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायला हवी. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही आपल्याकडे आहेत. त्यांचा सल्ला जरूर घ्या.

मैत्रिणींनो, गिऱ्हाइकाने प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे आणि संशयही नव्हे. कष्टाच्या पैशाचा तो मान आहे. जो दुकानदार प्रश्नांना कंटाळतो, तो उद्या तुमच्या तक्रारीलाही कंटाळणार, एवढे खूण म्हणून लक्षात ठेवा. तुम्हाला आलेले बरे-वाईट अनुभव आम्हाला अवश्य कळवा. तुमच्या एका पत्राने दुसऱ्या एखाद्या घरचे चाळीस हजार वाचतील.